तिला बंदूक नको, सातबारा द्या

हिंदी सिनेमातल्या खेड्यातल्या बाईला लढायला मिळावं, यासाठी आधी तिच्या अंगावर कुणीतरी हात टाकावा लागतो. जमीन गेली, मजुरी बुडाली, रेशन कार्डावरून नाव उडालं, नवऱ्याचं तेरावं झाल्यावर दिराने घराबाहेर काढलं, एवढ्याने तिची गोष्ट सुरू होत नाही. ठाकुराची किंवा सुभेदाराची नजर तिच्यावर पडली की मगच दिग्दर्शकाची पडते. मध्यंतरापर्यंत छळ, मध्यंतरानंतर हत्यार, शेवटी खलनायकाचं प्रेत. आपण टाळ्या वाजवून घरी येतो.

हे मला मान्य नाही. बलात्कार हा भयंकर अन्याय आहे आणि त्यावर सिनेमाने बोलायलाच हवं. पण खेड्यातल्या बाईवर होणारा तो एकच अन्याय नाही, आणि बहुतेक वेळा पहिलाही नसतो. त्याच्या आधी जमीन असते, मजुरी असते, जात असते. सिनेमा नेमकं हे आधीचं गाळतो. ते गाळलं की गुन्हेगार म्हणून एक विकृत माणूस तेवढा उरतो. त्याला मारलं की न्याय झाला. सावकार, तलाठी, पंच, ठाणेदार सगळे सुटतात.

सुरुवात इतकी वाईट नव्हती. मेहबूब खान यांनी १९४० मध्ये ‘औरत’ काढला आणि तीच गोष्ट १९५७ मध्ये ‘मदर इंडिया’ म्हणून पुन्हा सांगितली. दोन्हींत सावकार सुखीलाला रंगवला कन्हैयालाल यांनीच. नायिका राधाची सगळी फरफट सावकाराच्या वहीतून सुरू होते. लग्नासाठी सासूने काढलेलं पाचशे रुपयांचं कर्ज, घरात कुणालाच अक्षरओळख नाही, पंच निकाल देतात सावकाराच्या बाजूने, आणि पिकाचे चार वाटे केले तर तीन व्याजातच जातात. पुढे सुखीलाला राधाच्या अब्रूचा सौदा मांडतो, तोही याच कर्जाच्या जोरावर. कर्ज आणि अब्रू यांची गाठ कुठे बसते, हे मेहबूब यांनी उघड दाखवलं. शेवटी गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी राधा स्वतःच्या मुलावर गोळी झाडते. लोकांच्या मनात ती बंदूक राहिली, वही राहिली नाही. पुढच्या सिनेमांनीही बंदूकच उचलली.

श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’ची (१९७५) पटकथा विजय तेंडुलकरांची. काळ १९४५चा, मुलूख तेलंगणाचा. शाळामास्तरांची बायको सुशीला हिला जमीनदाराचे भाऊ घरातून उचलून नेतात. मास्तर सरकारी दारं ठोठावून थकतात. अखेर गाव उठतं, वाड्यावर चालून जातं. त्या उठावात वाड्यातली निरपराध सून रुक्मिणी हिचाही जीव जातो, आणि सुशीला पळते तेव्हा तिच्या मागेही तोच जमाव असतो. गाव पेटून उठलं म्हणून बाई सुटतेच असं नाही, हे इतक्या कठोरपणे सांगणारा हिंदी सिनेमा विरळा. तेंडुलकरांच्या लेखणीने दिलेला हा धडा पुढे फारसा कुणी गिरवला नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’. गुजराती लेखक चुनीलाल मडिया यांच्या कथेवरचा हा सिनेमा १९८७ मध्ये लागला, तेव्हा स्मिता पाटील या जगात नव्हती. तिची सोनबाई सुभेदाराच्या थोबाडीत मारते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा चौकीदार अबू मियाँ दार लावून घेतो. इथून पुढे सुभेदारापेक्षा मोठा शत्रू पुढे येतो, तो म्हणजे गाव. एका बाईपायी सगळ्यांनी कशाला मरायचं, तिला देऊन टाका, असं गावप्रमुख असलेला मुखी आणि पंच ठरवतात. कारखान्यातल्या बायकाही तिला तेच सुचवतात. मुलीला शाळेत घातलं म्हणून नवऱ्याचा राग ओढवून घेतलेली मुखीची बायको सरस्वती थाळ्या वाजवत बायकांना रस्त्यावर आणते. आणि शेवटी, अबू मियाँ गोळी लागून पडल्यावर, आतल्या बायका सुभेदाराच्या डोळ्यांत तिखट फेकतात.

आपल्याला ते लाल तिखट आठवतं. पण सुभेदार बाहेरचा होता, आज ना उद्या जाणारा. पंच गावातलेच. सोनबाईला दुसऱ्या दिवशीपासून त्याच पंचांच्या गावात राहायचं होतं, त्याच कारखान्यात मजुरीला जायचं होतं. तिला कामावर घेतलं का? पाणवठ्यावर येऊ दिलं का? परगावी गेलेला नवरा परत आल्यावर त्याने घरात घेतलं का? या दुसऱ्या दिवसाचा सिनेमा आपल्याकडे जवळपास निघतच नाही.

फूलन देवीची गोष्ट तर ती जिवंत असतानाच अशी अर्धी दाखवली गेली. शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ १९९४चा. जालौन जिल्ह्यातल्या मल्लाह कुटुंबातली ही मुलगी पहिल्यांदा भांडली ती वडिलांच्या जमिनीसाठी. चुलत भाऊ मय्यादीन याने जमीन बळकावली, कडुनिंबाचं झाड तोडलं, आणि ही लहान पोर त्याला जाऊन भिडली. बेहमईचं हत्याकांड, चंबळ, बंदूक हे सगळं नंतरचं. सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला बलात्कार आठवतील, विहिरीवरची विटंबना आठवेल. जमिनीचा तंटा आठवणार नाही. फूलन या सिनेमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. जिवंत बाईचा बलात्कार तिच्या संमतीशिवाय पडद्यावर मांडायचा अधिकार कुणी दिला, असा सवाल अरुंधती रॉय यांनी तेव्हा केला होता. तो सवाल आजही तितकाच खरा आहे. हीच फूलन १९९६ मध्ये मिर्झापूरमधून लोकसभेवर निवडून गेली. मल्लाहाची अशिक्षित मुलगी संसदेत जाऊन बसते, यात गोष्ट नाही असं कोण म्हणेल?

भंवरी देवीकडे बघा. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती ‘साथिन’ होती. बालविवाह थांबवणं हे तिचं नेमून दिलेलं काम. भटेरी गावात एका तान्ह्या मुलीचं लग्न तिने अडवायचा प्रयत्न केला, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये शेतात नवऱ्यासमोर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. म्हणजे तिच्यावर हल्ला झाला तो सरकारचं काम केल्याबद्दल. १९९५ मध्ये आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला असं करणार नाहीत, अशा आशयाचा तर्क त्या निकालात होता. तिच्याच प्रकरणावरून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा निर्देश आले आणि २०१३ मध्ये कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. आज पुण्या-मुंबईतल्या कचेऱ्यांत तक्रार समिती बसते, ती या कुंभार बाईमुळे. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

जगमोहन मुंदडा यांनी तिच्यावर २००० मध्ये ‘बवंडर’ काढला. नंदिता दासने काम केलं. सिनेमात उणिवा आहेत, तरी एक गोष्ट त्याने केली, ठाणं आणि कोर्ट दाखवलं. तक्रार नोंदवायला गेलेल्या बाईला किती वेळा तेच ते सांगावं लागतं, कोण कसं बघतं, तारीख पडली की घरी काय होतं, हे दाखवलं. खेड्यातल्या बाईची बहुतेक लढाई अशीच असते. चकरा मारायची.

मग आला ‘गुलाब गँग’, ७ मार्च २०१४, महिला दिनाच्या आदल्या दिवशी. माधुरी दीक्षितच्या हातात लाठी आणि कोयता. बांदा जिल्ह्यात गुलाबी साडीतल्या बायकांची संघटना बांधणाऱ्या संपत पाल यांना विचारायची गरज निर्मात्यांना वाटली नाही. संपत पाल यांना कोर्टात जावं लागलं, प्रदर्शनाच्या आदल्या दोन दिवसांत स्थगिती मिळाली आणि उठलीही. निष्ठा जैन यांचा ‘गुलाबी गँग’ हा माहितीपट त्याच सुमारास आला होता. त्यात संपत पाल एका जळून मेलेल्या सुनेच्या घरी जातात, जागा तपासतात, शेजाऱ्यांना विचारतात, नवऱ्याची उलटतपासणी घेतात, पोलिसांशी हुज्जत घालतात. कुणी बोलायला तयार नसतं. माधुरीच्या हाणामारीपेक्षा हे बघताना जास्त धडधडतं.

अनुभव सिन्हा यांच्या ‘आर्टिकल १५’मध्ये (२०१९) मारल्या गेलेल्या दलित मुलींनी मागितलं काय होतं? रोजात तीन रुपयांची वाढ. एवढं धारदार कारण हिंदी सिनेमाला क्वचित सापडलं आहे. मात्र त्या तीन रुपयांसाठी मुली एकमेकींशी काय बोलल्या, मालकासमोर पहिल्यांदा तोंड कुणी उघडलं, काम कसं थांबवलं, हे आपल्याला दिसत नाही. सिनेमा सुरू होतो तेव्हा त्या मेलेल्या किंवा बेपत्ता असतात आणि कथा हाती घेतो दिल्लीहून आलेला ब्राह्मण पोलीस अधिकारी. त्याचा विवेक जागा व्हावा म्हणून त्यांना मरावं लागलं.

‘पीपली लाइव्ह’मधली (२०१०) शेतकरी नत्थाची बायको धनिया आठवते? नत्था आत्महत्या करणार म्हणून सगळी चॅनेलं तिच्या अंगणात. चॅनेलं निघून गेल्यावर नुकसानभरपाईही नाही, कारण कागदोपत्री नत्थाचा मृत्यू अपघाती. कॅमेरे गेल्यावर धनिया काय करते? आपल्या विदर्भ-मराठवाड्यात अशा हजारो जणी आहेत. नवऱ्याने गळफास घेतला, आत्महत्या पात्र की अपात्र हे समिती ठरवणार, वारस म्हणून नाव लावायला तलाठ्याकडे हेलपाटे, सासरचे हिस्सा देत नाहीत, बँकेचा तगादा चालूच. हा अन्याय नाही का? तो करणाऱ्याच्या डोळ्यांत तिखट कसं फेकायचं?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतीधारकांत बायका जेमतेम १४ टक्के. शेतात राबणाऱ्या किती, हे डोळे उघडे ठेवून एसटीने प्रवास केला तरी कळतं. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड संख्येने शेतकरी बायका जमल्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा म्हणून. गावोगाव त्यावरून घरांत काय बोलणं झालं असेल! एका सहीसाठी नवरा-बायकोत रात्रभर चाललेलं भांडण कुठल्याही चकमकीपेक्षा नाट्यमय असतं.

आणि आडवी बाटली. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांना मतदान मागता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आडवीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि तीही यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. त्या दिवशी जी मजुरीवर गेली, जिला नवऱ्याने घरात अडवलं, तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्या कामी येतं. म्हणून बायका आठवडे न् आठवडे वस्त्यांवर फिरतात, एकेकीला केंद्रापर्यंत आणतात. दुकानदार पैसे वाटतो, धमक्या देतो. संध्याकाळी मोजणी. यात खलनायक आहे, कट आहे, घड्याळ आहे, जमाव आहे. दिग्दर्शकांनो, आणखी काय हवं?

हे जमू शकतं. ‘खबर लहरिया’ या बातमीपत्राच्या दलित पत्रकार बायका मोबाइल घेऊन खाणमाफियांना प्रश्न विचारतात, त्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. किरण राव यांच्या ‘लापता लेडीज’मधली (२०२४) जया दागिने विकते ती सेंद्रिय शेती शिकायला डेहराडूनला जाण्यासाठी, आणि गावातल्या पिकावरच्या किडीवर इलाज सांगते. तिला लढवय्यी ठरवायला दिग्दर्शिकेला बलात्काराची गरज पडली नाही. उलट संध्या सुरी यांचा ‘संतोष’ बघा. नवऱ्याच्या जागी शिपाई म्हणून लागलेली विधवा दलित मुलीच्या खुनाचा तपास करते आणि पोलीस खात्यातली जात आणि मारहाण समोर येते. ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला, आपल्या सेन्सॉरने २०२५ मध्ये प्रदर्शनाची वाट अडवली. कोयता चालतो, कारण कोयत्याने व्यवस्थेला ओरखडाही उठत नाही. ठाण्यातला कारभार दाखवला की कात्री निघते.

म्हणून निर्मात्यांकडे मागणं एकच. तिच्या हातात हत्यार देण्याआधी तिला काय हवं होतं ते विचारा आणि पडद्यावर ते मिळेपर्यंत तिच्या बरोबर राहा. वाचकांकडेही एक मागणं आहे. खेड्यातल्या बाईच्या शौर्याचा पुढचा सिनेमा बघून बाहेर पडाल तेव्हा एवढं आठवून पाहा, की ती भांडत कशासाठी होती. जमीन, मजुरी, पाणी, शाळा, रेशन, यातलं काहीही सांगता आलं नाही, तर त्या सिनेमाला टाळ्या देऊ नका.