मौनी घराण्याचा बोलका वारस

इंग्लंडात निवृत्त झालेला माणूस एकतर गुलाबांच्या मागे लागतो, नाहीतर पूर्वजांच्या. त्यातही ज्याच्या घराण्यात क्वेकर निघाला, त्याच्यापासून जरा जपूनच असावं. इतर वंशावळवाल्यांना बाप्तिस्म्याची एक ओळ सापडली तरी आठवडा सुखात जातो. क्वेकरवाल्याला इतके कागद सापडतात की ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

आमचे शेजारी यातलेच. तसा त्यांचा दोष नाही. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सने उभा केलेला हा पंथ उपासनेला बसला की गप्प, आणि उठला की सगळं लिहून ठेवणार. जन्म, दफन, चर्चचा कर द्यायला नकार दिला म्हणून जप्तीत गेलेली गाय, सगळ्याची नोंद. लग्नाच्या दाखल्यावर तर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या! नाशिकच्या तीर्थोपाध्यायांनीही मान डोलवावी अशा या वह्या. १८४०च्या कायद्यानंतर त्या सरकारकडे गेल्या आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. देण्याआधी क्वेकरांनी त्यांचे गोषवारे करून घेतले, ते लंडनमध्येच, फ्रेंड्स हाउस या त्यांच्या मुख्यालयात. म्हणजे शेजाऱ्यांना लंडनला जायला दोन कारणं झाली, आणि त्यांच्या बायकोला दोन दिवस विश्रांती.

तारखांनी मात्र त्यांना चकवलं. जुने क्वेकर महिन्यांची नावं घेत नसत. त्यातली काही पडली मूर्तिपूजकांच्या देवांवरून. त्यामुळे महिने आकड्यांत. पूर्वजाचा जन्म ‘पहिल्या महिन्यातला’ निघाला, तेव्हा यांनी जानेवारीत केक आणून गल्लीला बोलावलं. १७५२पूर्वी क्वेकरांचा पहिला महिना म्हणजे मार्च, हे केक संपल्यावर कळलं. मार्चमध्ये पुन्हा केक झाला. भाषण दोन्ही वेळा झालं.

सज्जन क्वेकराची अडचण अशी, की तो वहीत दोन-तीन ओळींत संपतो. पानं भरतात ती वाया गेलेल्याची. आमच्या शेजाऱ्यांचं नशीब थोर. त्यांच्या पूर्वजाने पंथाबाहेरची मुलगी पाहिली आणि चक्क पाद्र्यापुढे उभं राहून लग्न केलं. समजूत घालायला क्वेकरांच्या स्थानिक बैठकीने दोन प्रतिष्ठित मंडळी घरी धाडली, त्यांना याने दाद दिली नाही, आणि शेवटी नाव कमी झालं. ‘आमच्यांना काढलं होतं!’ हे वाक्य शेजारी अशा थाटात म्हणतात, की दुसऱ्याला सरदारकी मिळाली तरी तो इतकं ताठ बसणार नाही.

पुढचा प्रश्न थडग्याचा. पूर्वी क्वेकरांना थडग्यावर दगड मंजूर नव्हता, मेल्यावर कसला मोठेपणा म्हणून. १७१७मध्ये तर वार्षिक सभेने होते ते दगडही काढायला सांगितलं. पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेन जॉर्डन्सला पुरला, त्याच्यावरही शतकाहून अधिक काळ दगड नव्हता. मग आमच्या बंडखोराला कोण विचारतो? दफनभूमी मिळाली, जागा मिळाली नाही. शेजाऱ्यांनी गवताचे फोटो काढले. अल्बममध्ये प्रत्येक फोटोखाली मजकूर आहे: ‘उत्तरेकडून’, ‘पूर्वेकडून’, ‘पाऊस थांबल्यावर’.

नेमकी जागा विचारायला ते एका रविवारी तिथल्या सभागृहात शिरले, ते नेमके उपासनेच्या वेळी. तासभर कोणी बोललं नाही, आणि यांनाही बोलता आलं नाही. बायको म्हणते, त्यांच्या संसारातली ती सगळ्यात सुंदर सकाळ. शेवटी चहाच्या वेळी एका आजीबाईंनी बोटाने सगळी हिरवळ दाखवली आणि बिस्किटं पुढे केली. गोषवाऱ्यात पूर्वजाच्या दफनापुढे शेरा होता, ‘सदस्य नाही’. काढलेल्यालाही त्यांनी आपल्या जमिनीत जागा दिली होती. यावर शेजारी काही बोलले नाहीत, म्हणजे गाडीत बसेपर्यंत.

आता त्यांना तिथे दगड बसवायचा आहे. १८५०पासून क्वेकरांना दगड चालतो. पण साधा, सगळ्यांचा सारखा, त्यावर नाव, वय आणि तारीख. आमच्या शेजाऱ्यांचा मजकूर तयार आहे, दीड पानांचा, आणि तो ते वाचून दाखवतात. बोलावणं आलंच तर मार्चमध्ये जा, निदान केक मिळतो.