चौसष्टच्या आत

घोडा किती धावतो यापेक्षा तो थांबल्यावर किती लवकर निवतो, यावर ज्या खेळात पास-नापास ठरतं, तो खेळ माझ्यासारख्या एखाद्या आळशी माणसाने काढला असावा, अशी माझी समजूत होती. तसं अजिबात नाही. 1955 साली कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थाने, आजकालचे घोडेही एका दिवसात शंभर मैल जातात हे दाखवायला काही सोबत्यांसह सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडले. त्यातून टेव्हिस कप उभा राहिला. शंभर मैल, चोवीस तास. पण मला पहिल्या नंबरापेक्षा तिथला हॅगिन कप आवडतो. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी जो घोडा सर्वांत ताजातवाना दिसेल, त्याला तो देतात.

अशा लांब पल्ल्याच्या शर्यतींत वाटेवर पशुवैद्यांचे नाके असतात. घोडा आला म्हणजे पोचला, असं तिथे धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नाडी साधारण पंधरा मिनिटांत मिनिटाला 64 ठोक्यांपर्यंत उतरावी लागते, आणि तपासणीला उभं राहीपर्यंत घड्याळ चालूच. म्हणून जाणते स्वार नाका दिसला की खाली उतरतात, तंग सैल करतात, घोड्याला चालवत आणतात आणि मानेवर पाणी ओततात. घोडं दामटत आलेला शहाणा तिथे बादली घेऊन ताटकळतो, आणि मागून रमतगमत आलेला त्याच्यादेखत पुढे निघून जातो. आपल्याकडे इतक्या परीक्षा आहेत, पण दम खाण्याला एकीतही मार्क नाहीत.

पुण्याजवळच्या आमच्या रायडिंगच्या मैदानात घोड्याची नाडी मोजणारा पट्टा आला तो या शर्यतींच्या नादानेच. त्याची दोन टोकं : एक डाव्या बाजूला खोगिराखाली, दुसरं तंगाखाली, कोपराच्या मागे. केसांवर पाणी नीट मुरवलं नाही, तर घोडा घामाने भिजेपर्यंत आकडे वाटेल ते बरळतात. जोडीला जीपीएस. त्याने पहिल्याच दिवशी मास्तरांना दाखवून दिलं की मी दुडक्या चालीत मैदानाचे कोपरे कापते. जीपीएसची चूक चार-पाच मीटरची असू शकते, असा युक्तिवाद मी केला. मास्तर म्हणाले, चूक प्रत्येक कोपऱ्यात आतल्याच बाजूला कशी होते?

आकडे मात्र थक्क करणारे. तबेल्यात उभ्या घोड्याची नाडी तीस-चाळीस, आणि भरधाव सुटला की दोनशेच्या वर. माणसाच्या हृदयाला ही झेप जमत नाही. शिवाय घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा साठा बाळगून असते. आजी डाळीच्या डब्यात नोटा ठेवायची ना, तसा. पळायची वेळ आली की तो सगळा रक्तात ओतला जातो.

पण मला खरी गंमत वाटते ती फोनवरच्या वेगाच्या आणि नाडीच्या दोन रेघांचं पटत नाही तेव्हा. आमचा तुफान (नाव आधीच्या मालकाने ठेवलेलं, स्वभावाशी संबंध नाही) एकदा कुंपणापाशी शांत उभा होता. वेगाची रेघ शून्यावर, आणि नाडीची एकदम एकशे तीसवर! शेजारच्या बांधकामावरची निळी ताडपत्री फडफडली होती, एवढंच. कान किंचित वळले, बाकी अंगावरची माशीही हलली नाही. मला वाटायचं घोड्याच्या पोटात काही राहत नाही. हा तर घरच्यांसमोर पेपर कसा गेला ते न सांगणारा निघाला.

मोतद्दार मामा या यंत्राला नाक मुरडतील, असा माझा अंदाज होता. ते आजही जबड्याखालच्या शिरेवर बोटं ठेवतात, पंधरा सेकंद मोजतात, चाराने गुणतात. उत्तर पट्ट्याशी जुळलं, आणि मामा पट्ट्याच्या प्रेमात पडले. यंत्राने त्यांचं बरोबर आहे म्हटलं होतं ना! आता ते इतर मोतद्दारांना ऐकवतात, "आमचा छत्तीसवर असतो, छत्तीसवर." खरारा करताना उतरतात किती, हरभऱ्याची बादली वाजली की चढतात किती, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांचा एक शोध मला जरा लागला : "ताई, तुम्ही रिकिबीत पाय घातला की सहा वाढतात."

परवा लांबच्या फेरीनंतर कडुनिंबाखाली तुफानला उभा केला. मामांनी तंग सैल केला, मानेवरून ओला स्पंज फिरवला. शहाण्णव. ऐंशी. एकाहत्तर. मग अडुसष्टला जो अडकला, तो काही केल्या खाली येईना. मी लगाम धरून फोनकडे टक लावून उभी. जवळ जाऊन बघत होते, पुन्हा बघत होते, मध्येच "चल रे राजा" म्हणत होते. मामांनी माझ्या हातातून लगाम घेतला. म्हणाले, "तुम्ही तिकडे बाकावर जाऊन बसा. आणि ते मनगटावरचं घड्याळ दाखवा बघू."

एकशे चार.

"नाक्यावर स्वाराला तपासत नाहीत ना?" मामांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "नशीब तुमचं," आणि तुफानला सावलीत फिरवायला घेऊन गेले.