नमुना क्रमांक ४७

मराठीतल्या मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांचा मला अभिमान वाटतो. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला ही पुस्तके सरळ ‘प्रयुक्त’ म्हणतात. म्हणजे वापरलेला. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना अशा शब्दांची लाज वाटली आणि त्यांच्या संघटनेने १९९४ च्या लेखन-नियमावलीत ‘सहभागी’ म्हणा असे सुचवले. आपण खरे तेच लिहीत राहिलो. असे साठ-सत्तर प्रयुक्त एका वर्गात बसवले की त्यांचा ‘नमुना’ होतो. हा शब्द तर बुलढाणा जिल्ह्यात कुणालाच समजावून सांगावा लागत नाही.

पीएच.डी.च्या हंगामात घाटाखालच्या एखाद्या कॉलेजात डोकावून पाहा. सर येतात, मागोमाग गठ्ठा येतो. कसोटी बहुधा आग्र्याची. छापील कसोट्यांची जुनी पेठ तिथे आहे. विषय ठरलेला : ‘ग्रामीण व शहरी विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास’. एसटीच्या पासवाले ते ग्रामीण, मोटरसायकलवाले ते शहरी. (जिजाऊंचे माहेर याच जिल्ह्यातले, तेव्हा आग्र्याहून सुटका कशी करून घ्यावी हे इथल्या पोरांना वेगळे शिकवायला नको. पण पेटाऱ्यांची सोय नाही आणि दार सरांनी ओढून घेतलेले असते.)

“ज्याची इच्छा नसेल त्यानं भरू नये,” सर सांगतात. ही झाली संमती. एवढे सांगून सर हजेरीपट उघडतात. प्रात्यक्षिकाचे गुण त्यांच्याच हाती, त्यामुळे इच्छा सगळ्यांनाच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विद्यार्थ्यांना वरच्यांच्या दबावाखाली येऊ शकणाऱ्यांत धरले आहे. पण परिषद दिल्लीत असते आणि सर वर्गात.

झिंबार्डोने १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या तळघरात कॉलेजच्या पोरांना कैदी आणि पहारेकरी केले, त्याची अजून जगभर छी-थू होते. पण त्याने दिवसाला १५ डॉलर दिले आणि सहाव्या दिवशी पोरांना घरी सोडले. आमच्याकडे साधी कचोरीसुद्धा मिळत नाही, आणि तीही शेगाव हाकेच्या अंतरावर असताना!

“तुम्हांला पार्ट्यांत रमायला आवडते का?” या प्रश्नापाशी एका पोराने हात वर केला.

“कोन्त्या पार्टीत जी सर? आमच्या घरी बाबा एकीत अन् काका दुसरीत हायेत.”

“मनाला येईल ते लिही. रिकामं सोडू नको.”

पंचवीस मिनिटांत गठ्ठा परत. भेंडवळच्या घटमांडणीत धान्य निदान रात्रभर शेतात राहू देतात, मग भाकीत सांगतात.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात लोकांचे केस भराभर गळू लागले, तेव्हा याच परिषदेचे पथक धावत आले, नमुने घेऊन गेले. डोक्यावरचे गळले की पथक येते. डोक्यातले गळू लागले तर प्रश्नावली येते.

अशाच एका गठ्ठ्यात ४७ व्या कागदावर ‘जगण्यात काही अर्थ वाटत नाही’ या वाक्यापुढे ‘नेहमी’वर खूण होती. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजात विदर्भातले जे सहा जिल्हे घेतले, त्यांत आपला एक. ते पॅकेज कशासाठी आले होते हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा जिल्ह्यात अशी खूण दिसली तर तपासणाऱ्याचा हात थबकावा. थबकला नाही. खुणेचे गुण झाले, गुण बेरजेत गेले, बेरीज सरासरीत विरली, आणि प्रबंधात छापून आले : ‘सार्थ फरक आढळला नाही.’

कागदाच्या माथ्यावर मुलाचे नाव होते, गाव होते, मोबाईल नंबरही होता. त्याखालीच छापले होते, ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ हे वचन मात्र कसोशीने पाळले गेले. त्या नंबरवर कुणीही फोन केला नाही.