सुरतेची धुलाई

शाळेच्या इतिहासात सुरत दोनदा येते. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७०. दोन्ही वेळा महाराज आले, मोहीम फत्ते केली आणि परत गेले. त्यानंतर जो मराठी माणूस सुरतेत आला तो पगारावर आला आणि परत गेलाच नाही. मुलताईहून निघालेली तापी आमच्या खानदेशातून सुरतेकडे जाते, आणि तिच्या मागोमाग सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या खिडक्या धरून अर्धा खानदेश लिंबायत, उधना, डिंडोलीत उतरला. कुणी मागावर उभा राहिला, कुणी डाइंग मिलमध्ये शिरला. मी रिंग रोडवरच्या कापड मार्केटात एका पेढीची वही धरली. २०२४ पासून केंद्रात जलशक्ती खातं सांभाळणारे नवसारीचे खासदार सी. आर. पाटील हेही मूळचे जळगाव जिल्ह्यातले. तेव्हा माझ्या भाच्यानं पाण्याच्या जोरावर धंदा काढायचं ठरवलं, यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी घरात सगळ्यांना वाटलं.

"मामा, माले धंदा करना शे," असं तो रविवारी जेवणाच्या ताटावर म्हणाला. तोवर तो एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर होता.

"कसला?"

"धुण्याचा."

माझ्या बहिणीनं कपाळाला हात लावला. ज्या पोरानं जन्मात स्वतःचा डबा धुतला नाही, तो लोकांची पार्किंगं, गच्च्या, टाक्या आणि गाड्या धुणार होता. आमची ही म्हणाली, "आधी आमची मोरी धुऊन दाखव. आवडलं तर पैसे देऊ." तो म्हणाला, "मामी, त्याला मशीन लागतं." त्याच्या मते घरात आजवर त्यानं काही न धुण्याचं कारण एवढंच होतं.

मी व्यवहाराचा मुद्दा काढला. सुरतेत सफाईचा धंदा? १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगनं हे शहर हादरलं, लाखो लोक मिळेल त्या गाडीनं पळाले, त्यांत आमची अर्धी चाळ होती. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी महापालिकेला अशी शिस्त लावली की शहराचं रूपच पालटलं. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरत इंदुराच्या जोडीनं देशात पहिली आली. हे शहर सांडपाणीसुद्धा शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना विकतं. जिथं गटारालाही भाव आहे, तिथं धुवायचं शिल्लक काय राहिलं?

"रस्ता पालिका झाडते, मामा," भाचा म्हणाला. "पार्किंग कोण धुतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी आमच्याच अपार्टमेंटचं पार्किंग डोळे उघडे ठेवून पाहिलं. पेव्हर ब्लॉकच्या फटींत पावसाळ्यातलं शेवाळ, गाड्यांखाली ऑइलचे काळे नकाशे, डक्टमध्ये कबुतरांनी पिढ्यान् पिढ्या जमवलेली इस्टेट, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर मावा खाणाऱ्यांनी सोडलेल्या लाल सह्या. शहराचा पहिला नंबर गेटाशी येऊन थांबला होता. आत सोसायटीचा कारभार सुरू होत होता.

मग मशीन बघणं सुरू झालं, आणि भाच्याला 'बार' या शब्दानं झपाटलं. बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. त्यामुळे ज्या दुकानदाराला आकडा मोठा दाखवायचा असतो तो पीएसआयमध्ये बोलतो. भाच्याला केर्चर या जर्मन कंपनीची सगळी कुंडली पाठ झाली होती: १९३५ ची स्थापना, १९८० मध्ये रिओचा ख्रिस्ताचा पुतळा धुतला, २००५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरचे चार राष्ट्राध्यक्ष धुतले. यालाही पहिलं गिऱ्हाईक त्याच तोलाचं हवं होतं. आमच्या सोसायटीचा चेअरमन अंगानं तसा आहे, पण तो पैसे देण्यातला नाही.

एका दुकानात चकचकीत पिवळ्या मशीनवर चिटकवलेला कागद मी चष्मा लावून वाचला. मोटार १८०० वॅट, दाब १५० बार, पाणी मिनिटाला ८ लिटर. माझा जन्म आकडे जुळवण्यात गेला. या धंद्यातलं गणित सोपं असतं: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, म्हणजे पाण्याला मिळणारी ताकद किलोवॅटमध्ये. १५० गुणिले ८ म्हणजे १२००, भागिले ६००, दोन किलोवॅट. वीज आत जाते अठराशे वॅटची, ताकद बाहेर येते दोन हजार वॅटची! आत कमी आणि बाहेर जास्त हा चमत्कार मी आमच्या मार्केटातल्या ताळेबंदांत पुष्कळ पाहिला होता, लोखंडाच्या यंत्रात पहिल्यांदाच पाहत होतो. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ए तो मॅक्सिमम छे." म्हणजे नळी बंद करून क्षणभर काटा जिथं पोचतो तो आकडा. काम करतानाचा दाब त्याच कागदावर खाली, मुंगीच्या अक्षरात होता. साडीच्या पाकिटावरचे ६.३० मीटरही घरी मोजले की असेच आखडतात, त्यामुळे मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मी आणखी प्रश्न काढले तसा तो कंटाळला. "लेवानुं छे के खाली जोवानुं छे?"

खरं शिक्षण झालं ते उधन्यातल्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे. त्याच्या टपरीत अशी मशिनं पोट फाडून ओळीनं ठेवलेली होती. त्यानं एका मशीनमधून कोळशाचे दोन तुकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले, झिजून नखाएवढे झालेले. ही युनिव्हर्सल मोटार. वजनाला हलकी, किमतीला हलकी, आवाज मात्र लग्नाच्या बँडचा. अर्धा तास चालवली की तिला विश्रांती द्यावी लागते. अर्धा तास काम आणि मग विश्रांती ही पद्धत भाच्याला एकदम पटली. मी त्याला पुढच्या मशीनकडे ओढलं. ती इंडक्शन मोटार: जड, शांत, कार्बन नाही, दिवसभर रेटा. तिच्या पंपाचं डोकं पितळेचं आणि आत खडूसारखे पांढरे सिरॅमिकचे तीन दट्टे. कारागिरानं त्यांतला एक अंगठ्यानं पुसला आणि म्हणाला, "याला पाणी कमी पडू देऊ नका. कोरडा चालला की सील गेलं."

मी विचारलं, "सगळ्यात चांगलं मशीन कोणतं?"

"जे माझ्याकडे येतच नाही, त्याचं नाव मला कसं माहीत असणार, काका?"

घरी येऊन आम्ही पाण्याची आणि विजेची बाजू तपासली. सोसायटीच्या पार्किंगमधल्या नळाखाली बादली धरली तर ती इतक्या सावकाश भरली, की तेवढ्यात वॉचमननं त्याच्या गावच्या वाटणीचा खटला सांगून संपवला. मशीन मिनिटाला नऊ लिटर मागणार आणि नळ त्याच्या अर्धेही देणार नाही, म्हणजे मधे ड्रम हवा. डाइंगवाल्यांच्या शहरात निळा प्लास्टिकचा ड्रम मिळणं अवघड नाही. अवघड आहे तो कोरा मिळणं. आम्ही आणला तो आतून गुलाबी होता, आणि धुता धुता आधी आम्ही गुलाबी झालो, मग मोरी. "मोरी धुऊन दाखव" हे मामीचं आव्हान या रीतीनं उलट्या दिशेनं पूर्ण झालं.

विजेचंही तेच. तीन फेजची दमदार मशिनं बघून भाचा हरखला होता, पण पार्किंगात तीन फेज कोण देणार? सोळा अँपिअरचं एक पिन मिळालं तरी चेअरमनचे आभार मानायचे. पेट्रोलवर चालणारं मशीन विजेवाचून चालतं खरं, पण बेसमेंटमध्ये त्याचा धूर कोंडला तर सफाई करणाराच साफ. त्यामुळे सिंगल फेज, जाड तांब्याची वायर, आणि ओल्या हातानं झटका बसण्याआधी वीज तोडणारा ब्रेकर, एवढं मी माझ्या हातानं यादीत लिहिलं.

तरीही भाच्याचं मन मोठ्या बारमध्येच अडकलेलं. त्यातून त्याला सोडवलं नोझलनं. नोझलच्या टोप्यांना रंग असतात: लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी सरळ धार, पिवळी पंधरा, हिरवी पंचवीस, पांढरी चाळीस. मित्राचं मशीन तासाभरासाठी आणलं होतं. बाकी रंगांकडे ढुंकूनही न बघता यानं लाल लावली आणि माझ्या मोपेडवर रोखली. मागच्या बाजूला 'आई कानबाई प्रसन्न' असं स्टिकर होतं. पापणी लवायच्या आत आई कानबाई गेल्या, प्रसन्न तेवढं उरलं. त्याखालचा रंगही दोन बोटं निघाला. ही धार हाताला लागली तर कातडी सोलते हे त्यानंतर त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. गाडी धुवायला दाब फार लागत नाही, फेस लागतो आणि पसरट धार लागते. गच्चीवरच्या सोलर पॅनेलवर तर ही जोराची धार मारूच नये. शेवाळ दाबानं सुटतं, पण सुटलेला चिखल नाळीपर्यंत वाहून न्यायला लिटर लागतात. २००६ च्या पुरात उकाईचं पाणी सुटलं तेव्हा घराघरातला गाळ फावड्यानं उपसून झाल्यावर शेवटी काय लागत होतं, हे माझ्या बहिणीला पाठ आहे: पाणी, पाणी आणि पाणी.

एवढ्यात शेजारच्या गुजराती काकांनी डोकं घातलं. आमचे कागद, आकडे, रंगीत टोप्यांचा तक्ता त्यांनी कौतुकानं पाहिला आणि चार शब्दांत निकाल दिला. "पहेलां घराक, पछी मशीन." आधी गिऱ्हाईक, मग यंत्र. आम्ही मराठी माणसं धंदा काढायचा म्हणजे आधी उत्तम यंत्र घेतो, मग त्याची पूजा करतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो, आणि मग गिऱ्हाईक कुठं असतं ते विचारतो. काकांनी विचारलं, "धुवायचं काय हे ठरलंय?" भाचा म्हणाला, "सगळं." काका म्हणाले, "मग काहीच नाही."

भाचा आठवडाभर सोसायट्यांचे दरवाजे झिजवत फिरला. मशीन नव्हतं, फक्त वही होती. दिवाळीआधी बायका घरं झाडतात आणि कमिट्यांना पार्किंग आठवतं. त्यानंतर हिऱ्याच्या कारखान्यांना सुट्टी लागते, कारागीर सौराष्ट्रात जातात, आणि अर्धं शहर कुलपात जातं. म्हणजे हंगाम त्याच्या आधीचा. वहीत बहुतेक पार्किंगं निघाली, काही टाक्या, थोड्या गाड्या. पुतळा एकही नाही. त्या वहीनं जे मशीन निवडलं ते असं: इंडक्शन मोटार, २.२ किलोवॅट, सिंगल फेज, १२० बार, मिनिटाला ९ लिटर. माझ्या गणितानं १.८ किलोवॅट बाहेर, म्हणजे आत जास्त आणि बाहेर कमी, जसं प्रामाणिक यंत्रानं आणि प्रामाणिक नोकरदारानं असावं. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशू' म्हणतात. आमच्या घरात त्या शिशूचं बारसं थाटात झालं.

पहिलं काम आमच्याच सोसायटीचं. पेव्हर ब्लॉकवर पंचवीस अंशांची हिरवी धार फिरली आणि काळ्या चिखलाखालून विटकरी रंग निघत गेला. पंधरा वर्षं राहून हे ब्लॉक लाल आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. पोरं टाळ्या पिटत होती, वॉचमननं खटल्याचा नवा अध्याय अर्ध्यावर सोडला. काम संपल्यावर चेअरमन बिल हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

"पाणी अमारुं, लाइट अमारी, तो तमारुं शुं?"

माझ्या पोटात गोळा आला. इतक्या वर्षांच्या वहीत मला या प्रश्नाची जमा-खर्चाची नोंद सापडली नसती. भाच्यानं बंदूक खाली ठेवली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि शांतपणे म्हणाला,

"मेल पण तमारो, काका. पाछो मूकी जाउं?"

घाणही तुमचीच आहे, परत ठेवून जाऊ का? आधी वॉचमन हसला, मग कमिटी हसली, शेवटी चेअरमन. शंभर रुपये कमी केल्याशिवाय ते सोडणार नव्हते, पण उरलेले त्यांनी जागेवर, रोख मोजून दिले. मी वहीत पहिली जमा लिहिली. मशीन किती बारचं आहे, हे कुणी विचारलंही नाही.