जुन्या लॅपटॉपचा पुनर्विकास: मुंबईतील माहुलच्या रहिवाशांसाठी नियमावली

१. पात्रता. फ्रेमवर्क कंपनीचा सुट्या भागांचा लॅपटॉप २०२१ मध्ये बाजारात आला. त्याचा बोर्ड, पडदा, कळफलक, बॅटरी सगळे वेगळे काढता येते आणि वेगळे विकतही मिळते. प्रोसेसर मात्र बोर्डाला कायमचा जोडलेला असतो, म्हणून तो बदलायचा तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. सांगाडा पाडायची गरज नाही. २०२१ पासूनचा सांगाडा ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक जण पात्र. वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतील नाव यांपैकी काहीही लागत नाही. भागांवर क्यूआर कोड छापलेले असतात, तेवढा पुरावा पुरतो.

२. साहित्याची आवक. कंपनी ज्या देशांत माल पाठवते त्या यादीत भारत नाही. सबब, अर्जदाराला अमेरिकेत एक मावसभाऊ असणे आवश्यक आहे. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो. सुटा बोर्ड म्हणजे लॅपटॉप नव्हे, याची कल्पना भावाला विमानात बसण्यापूर्वी द्यावी.

३. अपात्र रहिवासी. इथे भलेभले फसतात. २०२१ च्या इंटेल बोर्डाला डीडीआर ४ रॅम लागते. २०२३ च्या रायझन ७०४० बोर्डाला डीडीआर ५. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे जुनी रॅम नव्या बोर्डात बसत नाही, दाबली तरी नाही. जुना रहिवासी नव्या इमारतीत अपात्र कसा ठरतो, हे माहुलमध्ये कोणाला समजावून सांगायला नको. एसएसडी मात्र पात्र आहे, ती जशीच्या तशी नव्या बोर्डावर जाते.

४. ना-हरकत. घर २२५ चौरस फुटांचे. त्यात सपाट, कोरडी आणि दोन तास कोणी न बसणारी जागा एकच: पलंग. त्यासाठी आईची ना-हरकत घ्यावी. ‘चालू होते ना? मग उघडलेस कशाला?’ हा आक्षेप नोंदवून घ्यावा. त्यावर उत्तर देऊ नये.

५. जागा रिकामी करणे. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. सोबत आलेल्या टी-५ स्क्रूड्रायव्हरने खालचे पाच स्क्रू सैल करावेत. ते बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पलंगाखाली शोधमोहीम काढावी लागत नाही. लॅपटॉप सुलटा करून कळफलकाची चौकट उचलावी. ती खाली एका पट्टीने जोडलेली असते. पट्टी सोडवल्याशिवाय चौकट ओढणाऱ्याने क्रमांक २ मधील मावसभावाला पुन्हा फोन लावावा. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढावी. मग वाय-फायच्या दोन बारीक तारा, पडद्याची केबल, स्पीकर आणि उरलेल्या जोडण्या. शेवटी स्क्रू काढून जुना बोर्ड उचलावा, नवा ठेवावा आणि हाच क्रम उलटा करावा.

६. पडदा. भोवतीची चौकट चुंबकाने चिकटलेली असते, ती नखाने निघते. आत चार स्क्रू. जुना पडदा २२५६ बाय १५०४ ठिपक्यांचा, २०२४ मध्ये आलेला २८८० बाय १९२० चा. सेकंदाला ६० ऐवजी १२० वेळा ताजा होणारा. त्याचे कोपरे मात्र गोल आहेत, कारण तो मुळात दुसऱ्याच ग्राहकासाठी तयार झाला होता. दुसऱ्यासाठी बांधलेले आपल्या वाट्याला आले की कोपऱ्यांबद्दल कुरकुर करायची नसते.

७. ताबा. नवी रॅम पहिल्यांदा ओळख करून घेते तेव्हा काही मिनिटे पडदा काळाच राहतो. या काळात बटण पुन्हापुन्हा दाबू नये आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहू नये.

८. जुना बोर्ड. भंगारात देऊ नये. बॅटरी आणि पडद्याशिवायही तो स्वतंत्र संगणक म्हणून चालतो. कुठे ठेवायचा, हे क्रमांक ४ मधील प्राधिकरण ठरवील.

९. देखभाल. गंधकयुक्त वायूंनी तांब्या-चांदीचे सांधे काळे पडतात. माहुलच्या शेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने इथल्या बाधितांना दुसरीकडे घर, नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये महापालिकेने इथली रिकामी घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली. फारशा उड्या पडल्या नाहीत. लॅपटॉप वापरून झाल्यावर झाकून ठेवावा.

१०. हरकती व सूचना. ‘यंत्राचा पुनर्विकास जागच्या जागी होतो, मग आम्हाला तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उचलून इथे का आणले?’ अशी हरकत काही रहिवासी घेतात. ती स्वीकारण्यात येईल, नोंदवण्यात येईल आणि योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात येईल.