कशावर दळलंय?

पूर्वी यजमान आग्रह करायचा आणि पाहुणा ‘नको, नको’ म्हणत पानावर आडवा हात धरायचा. आता आग्रह पाहुण्याचा असतो, तोही आठवडाभर आधी, फोनवर. ‘माझ्यासाठी वेगळं काही करू नका हं,’ असं कुणी म्हणालं की मी कागद-पेन घेऊन बसते.

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची यादी अशीच वाढत गेली. चुलत सासूबाईंचा चातुर्मास, म्हणून कांदा-लसूण बंद. शेजारचं कुटुंब जैन, त्यामुळे कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, आलंही बाद. (शेंगदाणा जमिनीखाली वाढूनही त्यांना चालतो. त्याचा वशिला कुणी लावला कोण जाणे!) पुतण्या व्हीगन झालाय, दूध, दही, तूप तर नाहीच, मधसुद्धा नाही. नणंदेच्या यजमानांना मधुमेह. ते दीक्षित सरांच्या पद्धतीनं दिवसातून दोनदाच जेवतात आणि 55 मिनिटांच्या आत हात धुतात, म्हणजे भाषणं जेवणाआधी की नंतर हेही त्यांनाच विचारायचं. त्यात तारीख नेमकी एकादशीला आलेली.

आचाऱ्यांनी यादी वाचली, पेन्सिल परत कानावर अडकवली आणि शांतपणे विचारलं, ‘ताई, जेवणार कोण आहे?’

या सगळ्यात भाचीचा फोन आलाच नव्हता. तिला सिलिअॅक आहे, गहू आणि जव खरोखरीच विषासारखे. ‘ती डबा आणेल गं,’ असं नणंद जाता जाता म्हणाली. ज्याला खरा त्रास असतो तो पाहुणा बहुधा डबाच आणतो. व्याख्यान देतो तो दुसरा. शेवटी मीच तिला फोन लावला.

‘मामी, नुसती पोळी टाळून भागत नाही. पोळीच्या तव्यावर भाकरी भाजली तरी संपलं. पुऱ्या तळलेल्या तेलातली भजी नको. आणि हिंग बघून घे.’

‘हिंगात कसला आलाय गहू?’ आचारी जवळजवळ दुखावलेच. मग त्यांनी डबी हातभर लांब धरली, चष्मा कपाळावर चढवला आणि बारीक अक्षरं एकेक करत वाचली. खाद्य डिंक, गव्हाचं पीठ आणि सगळ्यात शेवटी हिंग. बाजारातला हिंग बहुतेक असाच, डिंकात आणि गव्हाच्या नाहीतर तांदळाच्या पिठात कालवलेला असतो. आयुष्यभर आमटीला पिठाची फोडणी दिली म्हणायची, असं पुटपुटत त्यांनी ती डबी स्वयंपाकघराबाहेर नेऊन ठेवली.

पुढचा प्रश्न पिठाचा. गिरणीत ज्वारीचा डबा ठेवला तर गिरणीवाला म्हणाला, ‘गव्हावर टाकतो, चालेल ना?’ चालणार नव्हतं. मी डबा तसाच परत आणला, तर सासूबाई म्हणाल्या, ‘यात नवीन काय? उपासाची भाजणी मी कधी गिरणीत दिलीये?’

खरंच की! गव्हाचा कण लागला तर उपास मोडतो, म्हणून त्यांची भाजणी वेगळ्या भांड्यात, मिक्सरवर. उपासाची कढई वेगळी, झारा वेगळा, डबे वरच्या फळीवर, मीठसुद्धा सैंधव. आणि उपासाच्या फोडणीत ना हळद, ना मोहरी, ना हिंग! भाचीच्या डॉक्टरांनी छापील कागदावर जे दिलं होतं, ते आमच्या घरी पुण्य म्हणून चालूच होतं.

मग सगळ्यांनाच उपास घडवायचं ठरलं. वरीचे तांदूळ, आमसूल घालून दाण्याची आमटी, तिला तेलाची जिरं-मिरचीची फोडणी, लाल भोपळ्याची भाजी, दही न घालता काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि नारळाच्या दुधातली राजगिऱ्याची खीर, मधुमेहींसाठी बिनसाखरेची वेगळी. साबुदाण्याला मी मुद्दाम लांब ठेवलं. तो कसावाच्या कंदापासून होतो हे शेजारच्या काकूंसमोर कुणी काढलं असतं तर नवाच अध्याय सुरू झाला असता, आणि मधुमेहाच्या दृष्टीनं तो साखरेचा सख्खा भाऊ. 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष झाल्यापासून पुतण्या वरीकडे आदरानं बघतो, त्यामुळे त्याची समजूत घालावी लागली नाही.

पंगत निर्विघ्न पार पडली. भाचीनं डबा पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही, पुऱ्या दोनदा मागून घेतल्या. नणंदेचे यजमान घड्याळ बघत उठले, दहा मिनिटं शिल्लक ठेवून. जो तो आपलं पथ्य दुसऱ्याला समजावून सांगत होता आणि सगळ्यांच्या ताटात वाढलेलं एकच होतं.

फक्त उत्सवमूर्ती ताटाकडे बघत बसले होते. सासऱ्यांना कसलंच पथ्य नाही, त्यामुळे त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

‘पंच्याहत्तरी माझी ना?’ ते सासूबाईंना म्हणाले. ‘मग मला उपास कसला?’

‘वय झालं, एक दिवस पुण्य लागू दे.’

संध्याकाळी ते पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले. परत आले तेव्हा नव्या कोऱ्या सदऱ्यावर मिसळीच्या तर्रीचा डाग होता.