वासाचे तिकीट

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरीची ‘कॅनरी रो’ ही समुद्रालगतची गल्ली खरोखर डबाबंद मासळीच्या कारखान्यांची होती, तेव्हा तिचे अधिकृत नाव ‘ओशन व्ह्यू अव्हेन्यू’ होते. कारखान्यांआड समुद्र कमीच दिसे, वास मात्र भरपूर येई. १९४५ मध्ये जॉन स्टाइनबेकची ‘कॅनरी रो’ कादंबरी आली. पुढे मासळी संपल्यावर आणि बहुतेक कारखाने बुडाल्यावर, १९५८ मध्ये, गल्लीला कादंबरीचे नाव मिळाले.

येथे डब्यात जाई ती सार्डिन, कोकणातल्या तारलीची चुलत बहीण. अमावास्येच्या सुमारास बोटी निघत. काळोखात थव्याने ढवळलेले पाणी चमके आणि त्याभोवती पर्ससीन जाळे पडे. मासळी आली की भोंगा वाजे. प्रत्येक कारखान्याचा सूर वेगळा, त्यामुळे कामगार बायकांना मध्यरात्री आपला भोंगा ओळखावा लागे. चुकीच्या भोंग्याला उठणे म्हणजे फुकटचे जागरण. मग मासे कापायचे, शिजवायचे, टोमॅटोच्या किंवा मोहरीच्या सॉससह लंबगोल डब्यांत भरायचे.

खरा नफा मात्र डब्यात नव्हता. मासळी दळून कोंबडीखाद्य, खत आणि तेल काढणे अधिक किफायतशीर. सरकारने त्यावर मर्यादा घालताच काहींनी कारखानेच जहाजांवर चढवले आणि तीन मैलांपलीकडे, राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन उभे केले. हद्द कुठे संपते हे सार्डिनला कोणी कळवले नव्हते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती दिसेनाशी झाली. बेसुमार मासेमारीला समुद्राच्या बदलत्या तापमानाचीही साथ मिळाली. सार्डिन गेली कुठे, या प्रश्नावर गल्लीतले जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स यांचे उत्तर ‘डब्यात’ अशा अर्थाचे होते. त्यांच्या लाकडी प्रयोगशाळेच्या बंद दारासमोर प्रवासी आज फोटो काढतात.

१९१६ चा हॉव्हडेन कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. त्या जागी १९८४ पासून मॉन्टेरी बे मत्स्यालय आहे. जुने बॉयलर जपले आहेत आणि सार्डिन काचेमागे निर्धास्त फिरते. पूर्वी तिला कापण्याची मजुरी मिळे, आता तिला पाहण्याचे तिकीट पडते. ते स्वस्त नाही.

मत्स्यालयाशेजारच्या खडकाळ टोकावर चिनी कोळ्यांची वस्ती होती. दिवसाच्या मासेमारीत इतरांशी स्पर्धा वाढल्यावर ते रात्री मशाली लावून माकूल धरत आणि वाळवत. गावाला तो वास सोसेना. सुकट वाळत घालून शेजाऱ्यांशी वैर घेतलेल्या कोणालाही ही तक्रार पाठ असेल. १९०६ मध्ये वस्ती जळाली आणि रहिवाशांना ती पुन्हा बांधू दिली गेली नाही. या भागात विनोदाला जागा नाही. नंतर कारखान्यांचा वास आला, तो काही कमी नव्हता. पण त्यात नफा मिसळलेला होता.

जुन्या रेल्वेमार्गावरच्या पायवाटेने फिशरमन्स वॉर्फ गाठता येतो. तिथे सी लायन धक्क्याखाली अहोरात्र भांडतात, तर खानावळींच्या दारांत तिसऱ्यांच्या दाट सूपचे नमुने वाटतात. निश्चयी प्रवाशाचे जेवण त्यावरच उरकते. उपसागरात आज मोठ्या प्रमाणावर माकूलच धरतात, तेही रात्री प्रखर दिवे लावून, आणि ‘कॅलमारी’ म्हणून तळून लिंबाच्या फोडीबरोबर वाढतात.